आत्ता होती

बापूनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि त्यातला थोडा कुंकवाचा चुरा बटणांच्या फटीत गेला. लॅपटॉप त्याच्या जावयाचा होता. जावई पुण्यात होता म्हणून त्याच्या जिवाला धक्का बसला नाही.

"बापू, ते यंत्र आहे. म्हैस नाही," मी म्हणालो.

"दसऱ्याला तू स्कूटरला हार घालतोस की नाही?"

"घालतो. पण स्कूटरच्या पोटात नाही घालत."

"भाऊजी, तुम्ही बोलू नका त्यांना," शकूवहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "गॅसचं सिलिंडर आलं तरी कुंकू लावतात. परवा तो सिलिंडरवाला पाया पडून गेला."

मखमल करंडकाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. ही नाट्यस्पर्धा कोल्हापूरचं एक मंडळ दर हिवाळ्यात भरवायचं आणि आमच्यासारख्या हौशी नाटकवाल्यांचा तो वर्षाचा सण. आमची संस्था कऱ्हाडची, नाव 'रंगसोबत'. बापू खटावकर दिग्दर्शक, विजेच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. त्याची बायको शकुंतला, म्हणजे शकूवहिनी, आमची मुख्य नटी. आणि मी नाटककार. मी जन्मभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं, त्यामुळं गावात माझ्यावर कुणी हसत नसे, पण सगळे सांभाळून बोलत.

पूर्वी अर्ज हातानं लिहून बापू स्वतः कोल्हापूरला नेऊन द्यायचा, सोबत पेढ्यांचा पुडा. त्या वर्षीपासून मंडळानं फर्मान काढलं की अर्ज वेबसाइटवरच भरायचा. बापूला पेढ्यांचं फार वाईट वाटलं. वेबसाइटला पेढा कुठून भरवायचा, हा त्याचा प्रश्न होता, आणि हळदकुंकू हे त्याचं उत्तर.

मी वाचून दाखवत होतो, बापू एका बोटानं टाइप करत होता. संस्थेचं नाव. गाव. नाटकाचं नाव, 'मालकीणबाई घरात नाहीत'. मग कलाकारांचा फोटो जोडायचा होता. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडून बापूनं तो मुद्दाम काढून घेतला होता, इतका स्वच्छ की वहिनींच्या शालीचे दोरे मोजता यावेत.

"दाबू?" बापूनं विचारलं.

"दाब."

बापूनं 'पाठवा' दाबलं, लगेच हात जोडले आणि डोळे मिटले.

हे डोळे मिटणं आमच्याकडं प्रसिद्ध होतं. प्रयोगाआधी विंगेत बापू असाच हात जोडून, डोळे मिटून उभा राहायचा आणि अख्खी नांदी मनातल्या मनात म्हणायचा. तिसरी घंटा झाली तरी बापूचे डोळे उघडल्याशिवाय पडदा उघडत नसे. एकदा बापूला विंगेत उभ्याउभ्या डुलकी लागली आणि प्रेक्षकांनी मखमली पडद्याकडं बघत बराच वेळ काढला. काहींना तो प्रयोगाचाच भाग वाटला, आणि एका परीक्षकानं तर निकालपत्रात त्याचं कौतुक केलं.

तर बापू डोळे मिटून पुटपुटत होता आणि मी बापूकडं बघत होतो, कारण त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मोठी माणसं प्रार्थना करताना अगदी शाळेत उभी केल्यासारखी दिसतात.

"अहो," वहिनी म्हणाल्या. "लाल पट्टी आली."

बापूचं पुटपुटणं चालूच.

"अहो, नोंदणी झालेली नाही म्हणतेय. पुन्हा भरा म्हणतेय."

बापूनं नांदी संपवली, डोळे उघडले. आम्ही दोघांनीही लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं. पडदा पांढरा स्वच्छ होता. अर्जाचे सगळे रकाने रिकामे झाले होते.

"गेला," बापू समाधानानं म्हणाला. "गिळला बघ त्यानं अर्ज."

"पट्टी होती लाल," वहिनी म्हणाल्या. "तिथं, वर."

"कुठंय?"

"आत्ता होती."

मला हसू फुटलं. त्याला कारण होतं. माझ्या नाटकात वहिनी गोदाक्का व्हायच्या. ही गोदाक्का स्वतःच घराची मालकीण, पण भाडेकरूंच्या तक्रारी ऐकायला नकोत म्हणून दार उघडून प्रत्येकाला तेच सांगते, "मालकीणबाई ना? आत्ता होत्या." नाटकभर हे वाक्य येतं आणि दर वेळी हशा होतो. लेखकाला स्वतःची ओळ कुठंही ऐकू येते. मला वाटलं, वहिनी गंमत करतायत.

बापू मात्र हसला नाही. तो वहिनींजवळ गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाला, "हो. होती. गेली आता. चहा टाकतेस?"

"टाकते. पण ते पुन्हा भरा म्हणत होती."

"भरू हं. आधी चहा."

वहिनी आत गेल्या. "पट्टी कसली रे?" मी विचारलं. बापूनं ओठांवर बोट ठेवलं आणि लॅपटॉप मिटवला. मिटवताना त्याला पुन्हा एकदा नमस्कार केला.

तालमी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालायच्या. भिंतीवर मुलांनी काढलेली फळं आणि फळांखाली आम्ही. त्या हिवाळ्यात वहिनी अशा काम करत होत्या की मला माझंच नाटक नव्यानं कळत होतं. विशेषतः शेवटचा प्रवेश. सगळे भाडेकरू सोडून गेलेत, घर ओकंबोकं झालंय, आणि एक नवा माणूस दारात येऊन विचारतो, "मालकीणबाई आहेत का?" गोदाक्का त्याच्याकडं बघते. थांबते. मग म्हणते, "आत्ता होत्या." तो म्हणतो, "मग बसू का?" ती म्हणते, "बसा की. आम्ही पण त्यांचीच वाट बघतोय." आणि पडदा.

वहिनींचा तो थांबा सातारा-सांगलीपर्यंत नावाजलेला होता. दुसऱ्या नट्या थांबल्या की लोक खोकतात. वहिनी थांबल्या की लोक खोकायचे थांबत. आणि त्या वर्षी तो थांबा लांबत चालला होता. एका तालमीत तर त्या इतकं थांबल्या की नव्या भाडेकरूचं काम करणारा आमचा सदाशिव घाबरून माझ्याकडं बघायला लागला. मग वहिनी म्हणाल्या, "आत्ता होत्या," आणि माझ्या अंगावर काटा आला.

घरी जाताना मी बापूला म्हणालो, "या वर्षी अभिनयाचं पारितोषिक वहिनींचंच. काय थांबल्या आज."

आम्ही कृष्णेच्या घाटावर आलो होतो. उन्हं उतरत होती. बापू पायरीवर बसला.

"ती थांबत नाहीये," तो म्हणाला. "शोधतेय."

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. वहिनींचं विसरणं गेल्या वर्षभरापासून चाललं होतं. दुधाच्या पातेल्याखालचा गॅस. मुलीचं नाव. मागच्या आठवड्यात वहिनी अंगणात जाऊन बराच वेळ उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मावशी आली होती छत्री घेऊन. कुठं आहे, तर म्हणाल्या, आत्ता होती. मावशी जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती.

"डॉक्टर म्हणाले, वाद घालायचा नाही. हो म्हणायचं आणि दुसरा विषय काढायचा. म्हणजे तिला त्रास होत नाही."

"म्हणून त्या दिवशी..."

"हो. पट्टी बिट्टी काही नसते रे. तिला दिसतं काहीबाही. मी म्हटलं, होती."

नदीत म्हशी बसल्या होत्या. त्यांचं बरं चाललं होतं.

"नाटक झेपेल?" मी विचारलं.

"हे नाटक सगळं आहे तिच्याकडं अजून. सकाळी काय जेवलो ते सांगता येत नाही, पण गोदाक्का म्हटलं की पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, या हिवाळ्यात करून घ्या. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही." बापूनं घाटावरचा एक खडा उचलला, बघितला आणि जागेवर ठेवला. "तिला एकदा भरलेल्या थिएटरात उभी करायचीय. बास. पारितोषिक कुणालाही देऊ देत."

मी त्याला विचारलं नाही की मला आधी का नाही सांगितलंस. मी विनोदी लेखक. माझ्याजवळ अशा गोष्टी कुणी सांगत नसे, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

त्या दिवसापासून तालमीला वेगळीच धार आली. सदाशिवला आम्ही काही सांगितलं नाही, पण तो थांब्यात घाबरायचा बंद झाला. नेपथ्यातलं दार बापूनं स्वतः रंगवलं. वहिनींसाठी गोदाक्काची हिरवी नऊवारी आली. ती नेसून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही बाई जरा आगाऊ वाटतेय नाही?"

"लेखकावर गेलीय," मी म्हणालो.

"मग सांभाळायला हवं तिला."

करंडकाची प्रयोगपत्रिका आली तेव्हा तिच्यात आमचं नाव नव्हतं. बापूनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर. मग मला दिली. मी विनोदी लेखक असल्यामुळं मलाही तीच वाचता आली. फोनवर मंडळाचे चिटणीस म्हणाले, "तुमचा अर्जच नाही आमच्याकडं, खटावकर. आम्हाला वाटलं यंदा दमलात." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. वहिनींना सांगितलं, सामान आणायला चाललोय.

"नारळ आणा," त्या म्हणाल्या. "शेंडीवाला. मागच्या वेळी बिनशेंडीचा आणला होता, रंगमंचावर फुटेना."

ते मात्र त्यांना बरोबर आठवत होतं.

मंडळाचं ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. वेबसाइट करणारी मुलगी तिथंच बसली होती, मृण्मयी शिरगुप्पे. पोटापाण्याची नोकरी दुसरीकडं, नाटकाचं वेड म्हणून हे काम फुकट करून दिलेलं. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. अशा माणसांवर रागावताही येत नाही.

"काका, तुम्ही जसा भरला होतात तसाच परत भरून दाखवा," ती म्हणाली.

फोटो बापूच्या मोबाइलवर होताच. बापूनं एका बोटानं सगळं भरलं. संस्था. गाव. नाटक. फोटो जोडला. 'पाठवा' दाबलं. आणि सवयीनं त्याचे हात जुळले, डोळे मिटले.

"बापू," मी म्हणालो. "डोळे उघड."

त्यानं उघडले.

वर, अगदी वर, एक लाल पट्टी आली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नोंदणी झालेली नाही. फोटोची फाईल मोठी आहे. कृपया पुन्हा भरा.' मी ती वाचून संपवतोय तोवर ती पातळ होत गेली, आणि गेली. अर्ज रिकामा. पडदा पांढरा स्वच्छ.

खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. त्याची खोलीभर थरथर येत होती.

"पट्टी जाते कुठं?" मी विचारलं.

"आपोआप जाते, काका. राहिली तर लोक वैतागतात. मध्ये मध्ये येते म्हणतात."

"वाचून झाल्यावर जाते?"

"नाही. वेळ झाली की जाते. चार सेकंद ठेवलेत."

"पण वाचून झालंय की नाही, हे तिला कळतं कसं?"

तिनं थोडा विचार केला. "कळत नाही," ती म्हणाली.

"पुन्हा दाखव," बापू म्हणाला.

तिनं पुन्हा दाखवलं. लाल पट्टी आली, गेली. बापूचे हात या वेळी गुडघ्यांवर होते.

"पुन्हा."

आली. गेली.

"माझ्या बायकोनं सांगितलं होतं," बापू म्हणाला. तो मृण्मयीला सांगत होता की छापखान्याच्या यंत्राला, ते समजत नव्हतं. "लाल पट्टी आलीय म्हणाली. नोंदणी झालेली नाही म्हणाली. पुन्हा भरा म्हणाली. मी तिला चहा टाकायला पाठवलं."

मृण्मयीनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या जुन्या करंडकांच्या फोटोंकडं पाहिलं. त्यातल्या एकात वहिनी होत्या, पस्तिशीतल्या, हातात फिरता चषक.

"आता काही करता येईल?" मी विचारलं.

तिनं चिटणिसांना फोन लावला. थिएटरचा एकेक दिवस वाटून झाला होता, पत्रिका गावोगाव गेल्या होत्या. कुणी माघार घेतलीच तर कळवू म्हणाले. ऐन हंगामात कुठलीच संस्था माघार घेत नाही, हे आम्हाला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

निघताना बापू दारात थांबला. "पोरी, ती पट्टी तिथंच राहील असं नाही करता येणार? ज्याला घालवायचीय त्यानं घालवावी."

"येईल की. कोपऱ्यात एक फुली ठेवायची. ती दाबली की जाईल." तिनं पडद्यावर बोटानं जागा दाखवली. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन ओळींचं काम आहे, काका."

"कर मग," बापू म्हणाला.

 परतीच्या वाटेवर पेठ नाक्याला गाडी थांबली तेव्हा उतरून बापूनं नारळ घेतला. चांगला शेंडीवाला बघून घेतला.

त्या हिवाळ्यात आम्ही चित्रकलेच्या वर्गात प्रयोग करायचं ठरवलं होतं, ओळखीच्या चार लोकांसमोर. तारीखही धरली. पण त्याआधी वहिनी आजारी पडल्या, साधा ताप, आणि तापातून उठल्या तेव्हा दुसरा अंक त्यांच्याजवळ राहिला नव्हता. बापूनं रोज सकाळी त्यांना समोर बसवून ओळी दिल्या. त्या प्रत्येक ओळ ऐकून मान डोलवायच्या. "छान लिहिलंय हो. कुणी लिहिलंय?" हे मी समोर असताना विचारायच्या. माझ्या लिखाणाला इतकी निःपक्षपाती दाद त्याआधी कधी मिळाली नव्हती.

शेंडीवाला नारळ बरेच महिने देवाजवळ होता. मग तो दिसेनासा झाला. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

तीन-चार वर्षांनंतरची गोष्ट. दुपारी बापूकडं गेलो तर लॅपटॉप उघडा. आता बापूचा स्वतःचा होता, त्याच्याही बटणांत कुंकू भरलेलं. वहिनी शेजारच्या खुर्चीत. बापू एका बोटानं मखमल करंडकाचा अर्ज भरत होता. आमची संस्था केव्हाच बंद पडली होती.

"हे काय रे?" मी विचारलं.

"बस," तो म्हणाला.

त्यानं तोच फोटो जोडला, तोच, शालीचे दोरे दिसणारा. 'पाठवा' दाबलं. हात जोडले नाहीत. वर लाल पट्टी आली. कोपऱ्यात बारीकशी फुली. पट्टी राहिली.

"शकू, वाच बरं काय लिहिलंय."

वहिनींनी मान पुढं काढली आणि अक्षर अक्षर जुळवत वाचलं. "नोंदणी... झालेली नाही. फोटोची... मोठी आहे. कृपया पुन्हा भरा."

"आहे ना पट्टी?"

"आहे की. समोर तर आहे. तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतेय," बापू म्हणाला. "तुझं बरोबर आहे. पट्टी आहे."

"मग भरा की पुन्हा."

"भरतो हं," बापू म्हणाला आणि चहा टाकायला स्वतः आत गेला. अर्जाची मुदत चालू असेतोवर तो रोज हेच करतो, हे मला नंतर सदाशिवनं सांगितलं. फुली तो कधी दाबत नसे. लॅपटॉप दमून आपण होऊन झोपेपर्यंत पट्टी तशीच.

मी आणि वहिनी बसून राहिलो. पट्टीचा तांबूस उजेड त्यांच्या हातांवर पडला होता. थोड्या वेळानं त्यांनी रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, ओळख नसलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.

"इथं एक गृहस्थ बसले होते," त्या म्हणाल्या. "गेले का?"

 माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, आणि ते माझंच होतं.

"आत्ता होते," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. थांबल्या. त्या थांब्यात बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली आणि विरली. मग त्यांची मान किंचित कलली, पाठ ताठ झाली, आणि सांगलीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो आवाज खोलीत आला.

"बसा की. आम्ही पण त्यांचीच वाट बघतोय."

बापू कपबश्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याचे डोळे उघडे होते.